मागे उरलेला श्वास

रेणापूरच्या आमच्या घरात आईने चाळीस वर्षे तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीवर स्वयंपाक केला. विडीला तिने कधी हात लावला नाही. तरी साठी ओलांडल्यावर रेणुकादेवीच्या देवळापर्यंत जाताना ती दोनदा बसू लागली. "दम आतच जाईना," म्हणायची. लातूरला तपासणी झाली. नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि तंत्रज्ञाचा आग्रह : "मावशी, फुंका, फुंका, अजून फुंका!" आई म्हणाली, "अरं, जल्मभर फुकणीच फुकले की!" सगळे हसलो; पण अहवालातले आकडे मला कळेनात. म्हणून वाचू लागलो.

या यंत्राचा पूर्वज लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने केला. पाण्यात पालथे घातलेले भांडे, त्यात नळीने फुंकायचे. भांडे जितके वर उचलले जाईल तितकी हवा. दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावून त्याने 1846 साली निष्कर्ष मांडले. सहज श्वासात आपण सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. छाती पूर्ण भरली, तर धडधाकट पुरुषाच्या फुप्फुसांत सहा लिटरच्या आसपास हवा मावते. त्यातली पावणेपाच लिटर जोर लावून बाहेर काढता येते. उरलेली सव्वा लिटर कितीही फुंकले तरी आतच राहते.

पुढे मोजणीत वेळ आली. जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती सुटली? सत्तर टक्क्यांहून कमी सुटली, तर श्वासनलिका अरुंद झाल्याचा संशय घेतात. आईची बावन्न टक्केच सुटली होती.

पण जी हवा बाहेरच येत नाही, ती मोजायची कशी? त्यासाठी हेलियम वापरतात, कारण तो रक्तात जवळजवळ विरघळत नाही. समजा, दहा लिटरच्या भांड्यात दहा टक्के हेलियम आहे. साधा श्वास सोडून झाल्यावर माणूस त्या भांड्यातून श्वास घेऊ लागला आणि थोड्या वेळाने प्रमाण आठ टक्क्यांवर आले, तर हेलियम साडेबारा लिटर जागेत पसरला. म्हणजे फुप्फुसांत अडीच लिटर हवा होती. कोंडलेल्या कप्प्यांत मात्र हेलियम पोचत नाही. तिथे माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवून, दाबातल्या फरकावरून बॉइलच्या नियमाने हिशेब करतात. ही पद्धत 1956 मध्ये प्रत्यक्षात आली.

इथे आईच्या तक्रारीचा अर्थ लागला. चुलीच्या धुरानेही नलिका अरुंद होतात. जुनी हवा पूर्ण सुटण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. चालताना तो अधिक लवकर घ्यावा लागतो, आणि साठा वाढत जातो. भरल्या रांजणात नवे पाणी मावणार कुठे? दम आत जात नव्हता, कारण आधीचा बाहेर पडत नव्हता.

डॉक्टरांनी औषधाबरोबर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवले. घरी गॅस आहेच. चूल आता विझली आहे. देवळाच्या वाटेवर आई थांबते, तसा श्वास सोडते. परवा म्हणाली, "फुकणीवानीच हाय की हे. फकस्त जाळ करायचा न्हाई."