व्यवसायात लक्ष एकवटणे म्हणजे काय?

नवा धंदा वाढवताना ‘एकाच गोष्टीवर लक्ष द्या’ हा सल्ला हमखास मिळतो. त्याचा अर्थ बहुतेक जण ‘एकच माल विका’ असा घेतात. खरे तर लक्ष एकवटणे म्हणजे आपले गिऱ्हाईक कोण हे पक्के ठरवणे आणि त्याच्या कामी येईल तेवढेच करणे.

केळीच्या बुंध्याशी पिले फुटतात. ती वेळेवर कापली नाहीत तर अन्न वाटले जाते आणि घड भरत नाही. धंद्यातले नको ते जोडउद्योगही असेच वेळीच छाटावे लागतात.

याचे उदाहरण पाहा. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे उद्योजक भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये रॉकेलविक्रीपासून सुरुवात केली. पुढे खते, बियाणे, पाइप, ठिबक सिंचन (नळीतून पिकाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणे) आणि केळीची ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे आली. माल बदलत गेला, पण गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरीच राहिला. नव्वदच्या दशकात त्यांची कंपनी वित्त आणि ग्रॅनाइटसारख्या क्षेत्रांत शिरली, तेव्हा मात्र तोटा सोसून तिला पुन्हा शेतीकडे वळावे लागले. मला हा टप्पा यशाइतकाच मोलाचा वाटतो.

आपले लक्ष एकवटण्याप्रमाणेच लोकांचे लक्ष वेधण्याबाबतही गैरसमज आहे. मोठा फलक लावला की नाव होते, असे नाही. ठिबकचा खर्च ऐकून बिचकणारा शेतकरी शेजारच्या बांधावर जातो, नळीखालची ओली माती हाताने चाचपतो, विहिरीला पाणी किती उरले ते विचारतो आणि मगच दुकानात येतो.