इन्शुलिनची सुई सुटते का?

मधुमेहासाठी इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्या माणसाच्या घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सुई बंद होऊन गोळी कधी सुरू होईल?" प्रश्न साहजिक आहे. रोज दोनदा, तीनदा, काहींना चारदा सुई टोचून घेणे कोणाला आवडेल? शिवाय शेजारच्या काकांची सुई खरोखरच सुटलेली असते. ते न्यूमोनियाने आजारी पडले तेव्हा रुग्णालयात त्यांना इन्शुलिन दिले आणि बरे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना पुन्हा गोळ्यांवर आणले. मग आपल्या घरातल्या बारा वर्षांच्या मुलीची सुई का सुटू नये?

पुष्कळांची समजूत अशी असते, की सुईत जे औषध असते तेच वाळवून गोळीत भरलेले असते. तसे मुळीच नाही. मधुमेहाच्या गोळीत इन्शुलिनचा कणही नसतो, आणि तो का नसतो हे समजले की वरच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

इन्शुलिन हे संप्रेरक म्हणजे एक लहानसे प्रथिन होय. अमिनो आम्लांचे ५१ मणी दोन माळांत ओवावेत, एकीत २१ आणि दुसरीत ३०, अशी त्याची रचना आहे. ही रचना फ्रेडरिक सँगर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शोधून काढली आणि त्याबद्दल त्याला १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता प्रथिन पोटात गेले की त्याचे काय होते? डाळीचे आणि अंड्याचे जे होते तेच. जठरातील व आतड्यातील पाचकरस माळा तोडून मणी सुटे करतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्याला कच्च्या पपईचा गर लावतात हे तुम्ही घरी पाहिले असेल. पपईतील विकर मांसातील प्रथिने तोडते म्हणून ते मऊ होते. गिळलेल्या इन्शुलिनची गतही अशीच होते. म्हणून ते सुईनेच त्वचेखाली द्यावे लागते. टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी १९२१ साली इन्शुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले, तेव्हापासून हाच मार्ग चालू आहे. इन्शुलिन पोटातून देण्याचे प्रयत्न अनेक देशांत झाले आहेत. त्यात अडचण अशी, की गोळीतील प्रथिनाचा अगदी थोडा अंश रक्तात पोचतो आणि तोही रोज सारखा नसतो. इन्शुलिनची मात्रा तर अचूकच लागते.

मग गोळीत असते काय? तिचा शोध एका वेगळ्याच रोगावर औषध शोधताना लागला. १९४२ साली, दुसरे महायुद्ध चालू असताना, फ्रान्समधील माँपेल्ये या शहरात मार्सेल जाँबों हे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना एक नवे गंधकयुक्त औषध देत होते. काही रोगी एकाएकी घामाघूम होऊन बेशुद्ध पडू लागले, काही दगावलेही. त्यांच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली. हे ऐकून त्याच शहरातील ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. धडधाकट कुत्र्याला औषध दिले की त्याची साखर उतरे. स्वादुपिंड पूर्णपणे काढून टाकलेल्या कुत्र्यावर त्याच औषधाचा काहीच परिणाम होत नसे. स्वादुपिंडाचा काही भाग शिल्लक ठेवला, तर मात्र परिणाम दिसे. म्हणजे औषध स्वतः साखर उतरवीत नव्हते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावीत होते. माझ्या मते मधुमेहाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका बोलका प्रयोग दुसरा सापडणे कठीण आहे. पुढे १९५५-५६ च्या सुमारास याच कुळातील पहिल्या गोळ्या जर्मनीत वापरात आल्या. या कुळाला सल्फोनिलयुरिया म्हणतात. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड ही नावे तुम्ही घरातल्या औषधांच्या पाकिटावर वाचली असतील.

जालना जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना यापुढची गोष्ट विहिरीच्या उदाहरणाने चटकन समजेल. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी मोसंबीच्या बागा जगविण्यासाठी टँकरने पाणी आणले; तरीही कितीतरी बागा वाळून गेल्या. विहिरीत पाणी आहे पण ते बागेला पुरत नाही, अशा वेळी मोटार जास्त वेळ चालवून किंवा गळके पाइप दुरुस्त करून भागते. विहीरच कोरडी पडली, तर मोटार कितीही चालवा, ती नुसती तापेल. तेथे टँकरच हवा. सल्फोनिलयुरियाची गोळी म्हणजे मोटार आणि इन्शुलिनचे इंजेक्शन म्हणजे टँकर. (मेटफॉर्मिन ही दुसरी प्रसिद्ध गोळी स्वादुपिंडाला हातच लावीत नाही. ती मुख्यतः यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते. पण तिलाही विहिरीत थोडेफार पाणी लागतेच.)

बहुतेक मोठ्या माणसांना होणाऱ्या मधुमेहाला टाइप २ म्हणतात. त्यात विहिरीत पाणी असते. आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण अशा वेळी गरज वाढते म्हणून टँकर मागवावा लागतो, आणि ती वेळ निघून गेली की पुन्हा मोटारीवर भागू शकते. शेजारच्या काकांचे असेच झाले. पुष्कळ वर्षांनी याच रोग्यांच्या विहिरीची पातळी खाली जाते आणि सुई कायमची लागते. त्यात त्यांनी पथ्य मोडलेच असेल असे समजण्याचे कारण नाही.

विहिरीत पाणी किती उरले आहे हे मोजता येते का? येते, आणि त्याची युक्ती मोठी गमतीची आहे. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होते तेव्हा आधी एक लांब साखळी बनते. तिच्यातून मधला तुकडा कापला जातो व उरते ते इन्शुलिन. या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात आणि तोही रक्तात येतो. बाजारातून सोललेले शेंगदाणे आणले तर घरात टरफले पडत नाहीत. घरी शेंगा फोडल्या तरच पडतात. तसेच टोचलेल्या इन्शुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही. म्हणून रक्तातील सी-पेप्टाइड मोजले की शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवीत आहे हे कळते.

आता त्या बारा वर्षांच्या मुलीकडे वळू. मुलांमध्ये बहुधा टाइप १ मधुमेह आढळतो. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून स्वादुपिंडातील बीटा पेशींवर हल्ला करते आणि इन्शुलिन बनविणाऱ्या या पेशी नष्ट होत जातात. विहीर कोरडी पडते. येथे एक धोक्याची जागा आहे. इन्शुलिन सुरू केल्यावर उरल्यासुरल्या पेशींना विसावा मिळतो, त्या काही आठवडे किंवा महिने पुन्हा कामाला लागतात आणि सुईची मात्रा अगदी कमी होते. घरच्यांना वाटते, रोग बरा झाला! नेमक्या याच काळात कोणी काढा सुचवितो, कोणी गोळी देतो, आणि थोडे दिवस साखर ठीक राहिल्याने त्याचे श्रेय काढ्याला मिळते. मग सुई बंद होते. पेशी संपल्या की शरीराला साखर वापरता येत नाही. ते चरबी जाळू लागते. त्यातून कीटोन नावाची द्रव्ये साचून रक्त आम्ल होते. पोट दुखते, उलट्या होतात, श्वास खोल व जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. एकदोन दिवसांत मूल बेशुद्ध होऊन दगावू शकते. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातीला आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा जाहिराती दिसतातच. शिक्षकांनी वर्गातील अशा मुलाची सुई "सुटल्याचे" ऐकले, तर पालकांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

जालन्याहून साठेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाइप १ मधुमेही मुलांसाठी काम करते. अशा मुलांना सुई टोचण्याइतकेच ती सांभाळणेही शिकावे लागते. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि उष्णतेने इन्शुलिन निकामी होते. घरी फ्रीज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून पाण्याच्या मातीच्या माठात ठेवता येते. बाहेर झिरपणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते, आणि आपली हवा कोरडी असल्याने माठ चांगला गार राहतो. बाटली बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले इन्शुलिनही वाया जाते.

एवढे वाचून मुलांची सुई कधीच सुटत नाही असे वाटेल. पण एक अपवाद आहे, आणि तो एकविसाव्या शतकातच उलगडला. लाखभर जन्मांमागे एखादे बाळ असे असते, की ज्याला पहिल्या सहा महिन्यांतच मधुमेह होतो. पूर्वी यालाही टाइप १ समजून जन्मभर इन्शुलिन देत. २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्झेटर येथील अँड्र्यू हॅटर्सली, अ‍ॅना ग्लॉइन व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले, की यातील बऱ्याच बाळांच्या बीटा पेशी जिवंत असतात. दोष असतो पेशीच्या आवरणातील एका लहान दारात. या दारातून पोटॅशियम बाहेर जाते. जेवणानंतर साखर वाढली की हे दार बंद व्हावे लागते, त्याशिवाय पेशी इन्शुलिन सोडीत नाही. जनुकातील एका बदलामुळे या बाळांचे दार उघडेच अडकून राहते. विहीर भरलेली, मोटार धड, पण स्टार्टर अडकलेला!

आणि सल्फोनिलयुरियाची गोळी नेमके हेच दार बंद करते. २००६ साली याच गटाने अशा ४९ रोग्यांना ही गोळी दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी ४४ जणांचे इन्शुलिन पूर्ण बंद झाले. शिवाय त्यांची साखर सुईच्या काळापेक्षा अधिक आटोक्यात राहिली. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह आढळलेल्या प्रत्येकाच्या जनुकांची तपासणी करावी असे आता सांगितले जाते, मग ते मूल आज शाळेत जाणारे का असेना. आपल्या देशात चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ही तपासणी होते, आणि तिला रक्ताचा थोडासा नमुना पुरतो. दोष याच दाराचा निघाला, तर डॉक्टर मुलाला आपल्या देखरेखीखाली ठेवून गोळीची मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात व तितके इन्शुलिन कमी करीत जातात. दोष इन्शुलिनच्याच जनुकात निघाला, तर सुई चालूच ठेवतात.