पुनरुक्तीची खतावणी

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या टापूत जी कारखानदारी वाढली, तिच्यातील मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान वर्कशॉपे उभी राहिली, आणि मालाच्या प्रत्येक खेपेबरोबर चलान व बिले यांचीही आवक-जावक सुरू झाली. आज हा दफ्तरी व्यवहार संगणकाकडे गेला असून, टॅलीसारख्या हिशेबप्रणालीतील नोंदी एक्सएमएल या स्वरूपात बाहेर काढता येतात. १९९८ साली प्रमाणित झालेल्या या स्वरूपात प्रत्येक बाबीच्या आगेमागे तिचे नाव सांगणारी खूण असते.

अशा दस्तऐवजाचे रूपांतर करून अहवाल सिद्ध करणारी एक्सएसएलटी ही भाषा १९९९ मध्ये आली. परंतु तिच्या पहिल्या आवृत्तीत गट पाडण्याची स्वतंत्र सोय नव्हती. दहा हजार नोंदींत कोणकोणते पार्ट नंबर आले हे पाहण्यासाठी प्रत्येक नोंद आधीच्या सर्व नोंदींशी ताडू गेल्यास, आणि सर्वच नंबर भिन्न निघाल्यास, ही ताडणी सुमारे पाच कोटी वेळा करावी लागते.

ओरॅकल कंपनीतील स्टीव्ह म्युंच यांच्या नावाने रूढ झालेली यावरील युक्ती आपल्याकडील जुन्या मुनिमांस परकी वाटली नसती. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने उतरतो, खतावणीत त्याचीच वाटणी खात्यांनुसार होते. तद्वत येथेही संपूर्ण दस्तऐवजाची एकदाच खतावणी करून प्रत्येक पार्ट नंबराच्या खाती त्याच्या नोंदी जमा केल्या जातात. मग हाती आलेली नोंद आपल्या खात्यातील पहिलीच आहे काय, एवढेच पाहावयाचे: असल्यास तो नंबर अहवालात घ्यावा, नसल्यास पुढे जावे. ज्या खात्यात एकच नोंद, तो नंबर एकदाच आलेला. जेथे दुसरी सापडली, तेथे पुनरावृत्ती सिद्ध झाली. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीने तर गट पाडण्याची आज्ञाच भाषेत समाविष्ट केली.

तथापि खाते कशाच्या नावे उघडावे, हा प्रश्न उरतोच. एकच पार्ट नंबर दोन चलानांवर आला तर त्या दोन खेपा होत. तेच चलान दोनदा नोंदले गेले तर मात्र रक्कम दुप्पट दिसेल. आणि दोन पुरवठादारांच्या चलानांचे क्रमांक योगायोगाने सारखेही असू शकतात. म्हणून पुरवठादार, चलान क्रमांक आणि पार्ट नंबर या तिहींच्या संयोगाने खाते उघडणे इष्ट. नंबराच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहिली तरी यंत्र तो निराळा मानते, तेव्हा ती आधी छाटली पाहिजे. कारण कोणत्या दोन नोंदी एकच समजावयाच्या, हे स्टोअरमधील माणसास ठाऊक असते, दस्तऐवजात ते लिहिलेले नसते.