परतावा घेतला, बाकीचे काय?

आयसीआयसीआय बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या शहरी बचत खात्यांसाठी किमान शिल्लक ५० हजारांवर नेली आणि ओरड होताच काही दिवसांत १५ हजारांवर आणली. ठाण्याच्या माजिवड्यात टॉवरमधले पगारदार आणि त्यांच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाया एकाच नाक्यावर रिक्षा पकडतात. तिथे अशी बातमी दोघांच्याही खिशाची असते. पण सगळी चर्चा यापुढे काय कापणार याची झाली. जे आधीच कापले आणि अर्धवटच परत आले, त्याचे काय?

याचा सर्वांत मोठा दाखला स्टेट बँकेचा आहे. पवईच्या आयआयटीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास बँकांच्या शुल्कांचा हिशेब वर्षानुवर्षे चिकाटीने मांडत आले आहेत. त्यांचा २०२१ चा अहवाल जनधन खात्यांबद्दल होता. महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा खात्यातून पैसे गेले की दर वेळी १७ रुपये ७० पैसे कापले जात: १५ रुपये शुल्क, वर १८ टक्के जीएसटी. यूपीआय आणि रुपे कार्डाचे व्यवहारही त्यात धरले जात. वाण्याकडे पन्नास रुपये दिले तरी पासबुकात खाली १७.७० ची वेगळी एन्ट्री! अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात अशा डिजिटल व्यवहारांवर २५४ कोटींहून जास्त रुपये वसूल झाले.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२० मध्ये १ जानेवारी २०२० पासूनचे असे शुल्क परत करायला सांगितले. बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. त्याआधीचे १६४ कोटी राहिलेच. सरकार आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचना पाळल्या, असे बँकेचे म्हणणे. तारखेपुरते ते खरे असेल. पण पन्नास रुपयांवर १७.७० हा दर डिसेंबर २०१९ मध्ये तरी वाजवी कसा होता?

मग मिळाले तेवढे घेतले म्हणजे बाकीचा हक्क गेला का? करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे कमी रकमेवर समाधान मानता येते. २००६ च्या भगवती प्रसाद पवनकुमार खटल्यात रेल्वेने व्यापाऱ्याला कमी रकमेचा चेक पाठवला होता. मान्य नसेल तर लगेच परत करा, नाहीतर दावा मिटला असे धरू, ही अट घालून. चेक वटवल्यावर केलेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही.

बँकेचा परतावा मात्र बहुधा विनाअट थेट खात्यात पडतो. तो नुसता जमा झाला म्हणून बाकी सोडून दिली, असे होत नाही. घात होतो तो शाखेत ‘आता तक्रार नाही’ या कागदावर सही केल्याने. म्हणून पैसे येताच ‘रक्कम अंशतः स्वीकारली, बाकी येणे कायम’ असे लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

बँकेकडे तक्रार करून तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथला निवाडा मात्र पूर्ण आणि अंतिम म्हणूनच लेखी स्वीकारावा लागतो. ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. २०१७ ते २०१९ च्या एन्ट्र्यांसाठी ती केव्हाच उलटली. शिवाय १७.७० साठी दिवसाची मजुरी बुडवून आयोगाची पायरी कोण चढणार? कोणाचे किती कापले, हे बँकेच्या नोंदींत आहे. ते १६४ कोटी परत करण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेनेच काढायला हवा.