शिवी कोणाच्या तोंडी? कथात्म साहित्यातील अपशब्द आणि निवेदकाचे स्थान

साहित्यात आणि रंजनाच्या माध्यमांत शिव्या असाव्यात की असू नयेत, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा नीतीच्या अंगाने विचारला जातो आणि वास्तवाच्या अंगाने त्याला उत्तर दिले जाते. एक पक्ष सभ्यतेची ढाल पुढे करतो, तर दुसरा ‘लोक असेच बोलतात’ एवढे सांगून मोकळा होतो. दोन्ही पक्षांची एक चूक समान आहे. दोघेही शब्दाला एकटा धरतात. मराठीतील गाजलेले वाद नीट पाहिले, तर शब्द कोणता यापेक्षा तो कोणाच्या तोंडी आहे आणि ते तोंड निवेदकापासून किती दूर आहे, यावरूनच आक्षेपाची धार ठरलेली दिसते. प्रस्तुत लेखात हे अंतर तपासावयाचे आहे.

आरंभ बोलीपासून करणे सोयीचे. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबन हे गाव लागते. झरी-जामणी तालुक्याच्या या मुलखात वऱ्हाडीच्या जोडीला कोलामी, गोंडी आणि पैनगंगेपलीकडची तेलुगू कानांवर पडते. येथे दोन मित्र एकमेकांना ‘काय बे’ म्हणतात तेव्हा त्यात सलगीखेरीज काही नसते. हाच ‘बे’ वडीलधाऱ्या माणसाला उद्देशून उच्चारला तर भांडण ठरलेलेच, आणि पुण्याच्या एखाद्या घरात तो पाहुण्याच्या तोंडून निघाला तर यजमान दचकतील. ‘भैताड’, ‘बह्याड’ हे शब्द आजी नातवाला उद्देशून वापरते तेव्हा त्यांत माया असते. सावकार कुळाला उद्देशून वापरतो तेव्हा नसते. कोशात या शब्दांना एकच अर्थ मिळेल. त्यांचे वजन मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यात असते, कोशात नव्हे.

मराठी शिवीची घडणही नात्यांचीच आहे. पुरुषांच्या शिव्या बहुतांशी समोरच्याच्या आईबहिणीवरून जातात. म्हणजे भांडण दोघा पुरुषांचे आणि अवमान तिसऱ्या, अनुपस्थित स्त्रीचा. स्त्रियांच्या तोंडच्या शिव्या पुष्कळदा मृत्यूभोवती फिरतात. ‘मेल्या’, ‘मुडद्या’, ‘तुझं तळपट होवो’ ही खरे म्हणजे शापाची रूपे आहेत. ज्याच्या हाती दुसरे हत्यार नाही, त्याच्याकडे शाप उरतो. ‘रांड’ हा शब्द विधवा आणि वेश्या या दोहोंसाठी चालत आला, यात तर एका समाजाचा इतिहासच साठलेला आहे. आणि जातीचे नावच शिवी म्हणून उच्चारणे हा प्रकार या सर्वांहून वेगळा मानावा लागतो, कारण तेथे शब्दामागे गावाची संपूर्ण उतरंड उभी असते. शिवीला केवळ ‘असभ्य शब्द’ म्हणून बाजूला सारणारा समीक्षक ही सर्व सामग्री न वाचताच मिटवून ठेवतो.

लोकपरंपरेला हे ठाऊक होते. शिमग्याला शिवीची मुभा असते. विदर्भात पोळ्याच्या झडत्यांतून धन्याचा आणि पुढाऱ्याचा उद्धार होतो. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून वर्षातून एकदा एकमेकींना यथेच्छ शिव्या देतात. हाच प्रसिद्ध ‘बोरीचा बार’. ही मुभा दिवसाने आणि जागेने बांधलेली असते. पुस्तकाची दोन मुखपृष्ठे किंवा रंगमंचाची चौकट ही तशीच एक हद्द आहे, असे म्हणता येईल. पण मग त्या हद्दीतही काही शिव्या खपतात आणि काही खपत नाहीत, असे का होते?

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. कौतिक आणि महादेव यांच्या संसाराची होरपळ ज्या बोलीतून वाचकापर्यंत पोहोचते, ती भाषा काही गुळगुळीत नाही. तरी ‘धग’ अश्लील आहे असा गदारोळ झाला नाही. अवतरणचिन्हांच्या आत पात्र बोलते, बाहेर निवेदक शुद्ध बोलतो, आणि वाचक निवेदकाचे बोट धरून सुरक्षित राहतो. पाचच वर्षांनी, 1965 साली, भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ आला आणि आचार्य अत्र्यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला. नाक्यावरच्या पोरांची भाषा मराठी वाचकाने त्यापूर्वी ऐकलीच नव्हती, असे नाही. धक्का वेगळाच होता. येथे पोक्या हाच निवेदक होता. अवतरणचिन्हांच्या बाहेरही तीच भाषा होती. बोट धरायला कोणी उरले नव्हते.

1972 च्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी आणखी एक पाऊल टाकले. तेथे अपशब्द पात्राला उद्देशून येत नाही, तो वाचकाच्या आणि त्याच्या व्यवस्थेच्या दिशेने येतो. म्हणजे ऐकणारा बदलला. पुढे दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी हे नाते पुन्हा उलटे केले. ‘उपरा’ (1980), ‘अक्करमाशी’ (1984), ‘उचल्या’ (1987) ही शीर्षकेच पाहावीत. तोळ्याचे मासे बारा; अकरा माशांचे ते हिणकस. या हिशेबातून अनौरस संततीला चिकटलेला शब्द शरणकुमार लिंबाळे मुखपृष्ठावर आपल्या नावाजवळ छापतात. येथे निवेदक शिवी देत नाही, तो तिचा धनी आहे. ‘आत्मकथनांत शिव्या फार’ अशी कुरकुर करणाऱ्याने त्या कोणी दिल्या आणि कोणी ऐकल्या, याची मोजदाद एकदा करून पाहावी.

नाटकाचा प्रश्न थोडा निराळा आहे. रंगमंचावर निवेदक नसतो. सभ्य आवाजाची ती रिकामी जागा भरून काढण्याचे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने अंगावर घेतले. विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ 1972 साली कमलाकर सारंगांनी रंगमंचावर आणले. मंडळाशी झालेला झगडा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि प्रयोगाचा मार्ग मोकळा झाला. निळू फुले यांचा सखाराम आणि लालन सारंग यांची चंपा यांच्या भाषेतून शिव्या वगळल्या असत्या, तर उरले असते ते एक बेताचे कौटुंबिक नाटक. सखारामची शिवी ही त्याच्या घराची घटना आहे. तिच्या जोरावर तो बायका आणतो, ठेवतो, हाकलतो. आणि चंपा त्याच भाषेत उलट बोलू लागते तेव्हा त्या घराचा पाया हलतो.

न्यायालयांचा प्रवासही याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘बँडिट क्वीन’ प्रकरणी 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने असे शब्द गावोगावच्या रस्त्यांवर रोज ऐकू येतात, चित्रपटात आले म्हणून कोणी प्रौढ ते वापरू लागेल असे नाही, असा अभिप्राय दिला. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या खटल्यात 2015 साली मात्र त्याच न्यायालयाने निराळी भूमिका घेतली. इतिहासातील आदरणीय पुरुषाच्या तोंडी अश्लील शब्द घातले की कवीचे स्वातंत्र्य आक्रसते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे 2024 च्या मार्चमध्ये ‘कॉलेज रोमान्स’ या वेब-मालिकेविषयी निर्णय देताना अपशब्द आणि अश्लीलता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. या निर्णयांत विसंगती शोधता येईल. पण कायद्यालाही अखेर ‘कोणाच्या तोंडी?’ हाच प्रश्न पडला, ही गोष्ट समीक्षेने टिपून ठेवण्यासारखी आहे. तोंड एखाद्या दरोडेखोराचे असेल तर एक न्याय, महात्म्याचे असेल तर दुसरा.

याचा अर्थ शिवी आली की ती समर्थनीय झाली, असा नव्हे. अलीकडच्या वेब-मालिकांत प्रत्येक पात्र प्रत्येक वाक्यात एकच शिवी सारख्याच आवाजात देते. तेथे आक्षेप घ्यायचा तो सभ्यतेच्या नावाने घेऊ नये. बापाला, मित्राला, पोलिसाला आणि स्वतःला एकाच शब्दाने संबोधणाऱ्या पात्राला कोणाशीच नाते उरलेले नसते, हा दोष लेखनाचा आहे. विनोदासाठी वऱ्हाडी पात्र आणून त्याच्या तोंडी दर ओळीस ‘बे’ घालणे हाही त्याच जातीचा आळस. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (2013) शेवटी जब्याचा दगड येतो, त्याआधी कितीतरी वेळ त्याच्या कुटुंबाच्या दिशेने हेटाळणीचे शब्द येत असतात. ते शब्द गाळले, तर दगड कुठून आला हे प्रेक्षकाला कळणार नाही.

हा प्रश्न वर्गात येतो तेव्हा तो अधिक अवघड होतो. ‘धग’सारखी कादंबरी मोठ्याने वाचताना अध्यापक एखाद्या शब्दाजवळ अडखळतात, पुढच्या ओळीवर उडी घेतात, आणि मुले ती उडी अचूक ओळखतात. मुकुटबनसारख्या गावातून आलेल्या विद्यार्थ्याच्या घरी तो शब्द सकाळीच कोणीतरी कोणाला तरी सहज म्हटलेला असतो. गाळलेला शब्द शिवी होता की केवळ त्याच्या आजीची बोली, हे त्याला कोणी सांगत नाही. तास संपतो, आणि पुढच्या तासाला तोच विद्यार्थी उत्तर देण्यासाठी उभा राहतो तेव्हा तोंडाशी आलेले वाक्य मनात एकदा प्रमाण मराठीत फिरवून घेतो, मगच बोलतो.