पोकळ भागांच्या भिंती : संगणकीय प्रतिमानांचा मागोवा

सोलापूरची औद्योगिक ओळख 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून सांगितली जात असली, तरी गेल्या तीन दशकांत अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी येथील वसाहतींत ओतकामानेही तिच्यात जागा मिळवली, आणि शहरात धोटा-कांडीच्या जोडीला कोअर, चिल, कॅमशाफ्ट हे शब्द रुळले. 1992 मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी या बदलाचे ठळक उदाहरण होय. त्याच काळात यंत्रभागांची रेखाटने कागदावरून संगणकातील घनाकृती प्रतिमानांकडे सरकली. मात्र पोकळ भागाची भिंत जागोजागी वेगळ्या जाडीची ठेवण्याचा प्रश्न त्या स्थित्यंतरात बराच काळ अडून राहिला.

घनाकृती प्रतिमान म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग आणि तिचे आतले द्रव्य या दोहोंची नोंद असलेले गणिती वर्णन. केंब्रिज येथे इयान ब्रेड यांनी 1970 च्या दशकात या क्षेत्रात पायाभूत काम केले. पुढे 1980 च्या दशकाअखेरीस प्रो-इंजिनिअर आणि 1995 मध्ये सॉलिडवर्क्स आले, आणि अशा प्रणालींत 'शेल' ही आज्ञा सर्वांच्या सवयीची झाली. ही आज्ञा बाहेरचे प्रत्येक पृष्ठ लंबदिशेने ठरावीक अंतर आत सरकवून पोकळी तयार करते. प्लॅस्टिकच्या डबीसाठी ती उत्तम. पण बाहेरचा कोपरा 3 मिलिमीटर त्रिज्येने गोलवलेला असेल आणि भिंत 5 मिलिमीटरची हवी असेल, तर आत सरकलेली ती वक्रता स्वतःवरच उलटते, आणि आज्ञा फसते किंवा तो गोलवा आतून नाहीसा होतो. निरनिराळ्या पृष्ठांना निरनिराळी जाडी देण्याची सोय झाली खरी, तरी एकाच पृष्ठावर जाडी क्रमाने वाढवत नेण्याचे काम तिच्या आवाक्याबाहेरच राहिले.

ओतकामात मात्र नेमकी हीच गरज असते. ख्वोरिनोव्ह यांच्या नियमानुसार धातू गोठण्याचा काळ घनफळ आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून इतर परिस्थिती सारखी असता दुप्पट जाडीची पाटी गोठायला चौपट वेळ घेते. शेवटी गोठणाऱ्या जागी धातू आकसून आत पोकळ्या पडतात, आणि त्या टाळण्यासाठी भिंत रायझरकडे, म्हणजे जादा धातू पुरवणाऱ्या साठ्याकडे, जाड होत जावी लागते. कॅमशाफ्टमध्ये गुंतागुंत आणखी वाढते. समजा, कॅमच्या मूळ वर्तुळाची त्रिज्या 16, नाकाची, म्हणजे पुढे आलेल्या टोकाची, उंची त्यावर 9 आणि मधल्या सरळ भोकाची त्रिज्या 7 मिलिमीटर असेल, तर भिंत एका बाजूला 9 आणि नाकाशी 18 मिलिमीटर होते. शिवाय तेच नाक झीज सोसण्याइतके कठीण व्हावे म्हणून साच्यात तिथे चिल, म्हणजे उष्णता झपाट्याने ओढणारा धातूचा तुकडा, बसवावा लागतो. इथे 'शेल' आज्ञा निरुपयोगी ठरते. बाहेरचा आणि आतला असे दोन स्वतंत्र घन रचून पहिल्यातून दुसरा वजा करणे हाच खात्रीचा मार्ग उरतो, आणि तो ओतशाळेला नवा नाही : पॅटर्नमेकर बाहेरच्या आकाराचा पॅटर्न आणि आतली पोकळी घडवणाऱ्या कोअरसाठी कोअरबॉक्स वेगवेगळेच घडवत आला आहे.

अशा रचनेत जाडी ही दोन आकारांमधली वजाबाकी असल्यामुळे ती स्वतंत्रपणे मोजावी लागते. जिओमेट्रिक या महाराष्ट्रातील कंपनीच्या जिओमकॅलिपर या प्रणालीने त्यासाठी दोन रीती वापरल्या : पृष्ठावरून सोडलेला किरण समोरच्या भिंतीपर्यंत मोजणे आणि भिंतीत मावणारा सर्वांत मोठा गोल शोधणे. तिरप्या भिंतींत दोन्हींची उत्तरे वेगळी येतात, म्हणून कोणती रीत वापरली हे अहवालात लिहिणे अगत्याचे आहे. मुंबईच्या आयआयटीत बी. रवी यांनी विकसित केलेल्या ऑटोकास्ट या प्रणालीने हाच विचार गोठण्याच्या अनुमानापर्यंत नेला.

अलीकडे अंतरक्षेत्राची रीत पुढे आली आहे. तीत प्रत्येक बिंदूचे पृष्ठापासूनचे अंतर हेच प्रतिमान असते, त्यामुळे जाडी हे स्थानानुसार बदलणारे सूत्र म्हणून थेट लिहिता येते. त्रिमित मुद्रणासाठी ही रीत निर्विवाद सोयीची आहे. साच्यातून निघणाऱ्या भागासाठी मात्र कोअर वेगळा रेखाटण्याची जुनी शिस्तच आजही अधिक भरवशाची आहे.