भंगारातला हूक किती ओढेल?

पालघरहून शिरगावच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी गाडी घेऊन जाणारे पुष्कळ. किल्ला पाहून झाला की गाडी वाळूत उतरवण्याचा मोह होतो. गेल्या थंडीत आमच्या एका सहकाऱ्याने आपली जुनी बोलेरो ओहोटीच्या वेळी थेट ओल्या वाळूपर्यंत नेली. चाके जागच्या जागी फिरू लागली. आणि जागच्या जागी फिरणारे चाक स्वतःसाठी खड्डाच खणत असते. पूर्ण ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास मिळतात. त्यांतले दोन संपले होते.

गावातला ट्रॅक्टर आला. चालकाने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, दोर बांधू कुठे?" गाडीचा पुढचा हूक कधीच तुटून गेला होता. दोर बम्परला बांधला. ट्रॅक्टर निघाला, तो बम्पर घेऊनच. शेवटी मागच्या आसाला दोर बांधून गाडी उलटी ओढून काढली.

पुढच्याच आठवड्यात सहकारी बोईसरच्या एका भंगारवाल्याकडून तशाच मोडीत निघालेल्या गाडीचे दोन हूक किलोच्या भावाने घेऊन आले. "चांगले जाडजूड आहेत, लावून टाकू," असे त्यांचे म्हणणे. जाडी दिसते, पण त्या हुकाने आजवर काय काय सोसले आहे ते दिसत नाही, ही खरी अडचण.

प्रथम बळाचा हिशोब करू. गाडीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम धरा. डांबरी रस्त्यावर ती ढकलायला दोनतीनशे न्यूटन पुरतात. दोन माणसे ढकलतात ती म्हणूनच. मऊ वाळूत हाच आकडा तीनचार हजारांवर जातो, आणि आसापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे १५,००० न्यूटन बळ लागू शकते. हे झाले सावकाश ओढण्याचे.

पण लोक सावकाश ओढत नाहीत, हिसका देतात. समजा, तेवढ्याच वजनाची दुसरी गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली आणि दोर ताणला गेला. तिची गतिज ऊर्जा सुमारे ५,८०० ज्यूल. रुतलेली गाडी हललीच नाही, तर ही सगळी ऊर्जा ताणात जिरली पाहिजे. नायलॉनचा दोर १ मीटर ताणला गेला तर सरासरी बळ ५,८०० न्यूटन येते. त्याजागी लोखंडी साखळी असेल आणि सगळे मिळून जेमतेम १० सेंटिमीटर ताणले जात असेल, तर सरासरी बळ दसपट, ५८,००० न्यूटन! ताण वाढत वाढत जातो, म्हणून शेवटच्या क्षणीचे बळ सरासरीच्या दुप्पट धरावे. (हे उदाहरण दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेण्याजोगे आहे. वेग दुप्पट केल्यास काय होईल, हेही विचारावे.)

आता हे बळ हुकाकडून चासीकडे नेणारे बोल्ट पाहू. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. तो मापाचा नव्हे, पोलादाच्या ताकदीचा. पहिल्या ८ ला १०० ने गुणले की ८०० मिळतात; दर चौरस मिलिमीटरला किमान इतके न्यूटन ताण दिल्याशिवाय तो तुटत नाही. दुसरा आकडा सांगतो, की त्याच्या आठ-दशांश, म्हणजे ६४० न्यूटनच्या सुमारास तो कायमचा लांबू लागतो. साध्या बोल्टवर ४.६ असते किंवा काहीच नसते. १२ मि.मी. बोल्टचे आट्यांपाशी खरे क्षेत्रफळ ८४ चौरस मि.मी. हूक चासीच्या बाजूला लावला की बोल्ट आडवा कापला जाण्याचा धोका असतो, आणि कापणारे बळ तोडणाऱ्या बळाच्या सुमारे ६० टक्के पुरते. म्हणजे ८.८ चे दोन बोल्ट साधारण ८०,००० न्यूटनपर्यंत टिकतील, ४.६ चे ४०,००० पर्यंत. सावकाश ओढण्याला दोन्ही पुरेत. साखळीच्या हिसक्याला, शेवटच्या क्षणी १,१६,००० न्यूटन, यांपैकी एकही पुरत नाही.

भंगारातून हूक आणला तरी बोल्ट मात्र नवे घ्यावेत. सहकाऱ्यांनी वेल्डिंगचा आग्रह धरला होता. हूक ठोकून घडवलेला, उष्णता देऊन कणखर केलेला. वेल्डिंगच्या आचेने त्या भागाचा गुण बदलतो, आणि गंजलेल्या चासीच्या पातळ पत्र्यावर टाका कुठवर धरतो याचा भरवसा नाही. म्हणून चासीचे भोक आधी वायर ब्रशने घासून पाहावे. कडा पापुद्रे सोडत असतील तर तिथे हूक लावूच नये.

राहिला प्रश्न हुकाच्या आतल्या जखमेचा. एका हिसक्याने न तुटणारे पोलाद पुन्हा पुन्हा ताण बसला की तुटते, हे आउगुस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७० पर्यंत सिद्ध केले. यालाच धातूचा थकवा म्हणतात. त्याची सुरुवात केसाएवढ्या भेगेने होते. ती शोधायची रेल्वे कारखान्यांतली जुनी युक्ती आमच्या उपयोगी पडली. हूक घासून रंग व गंज काढला आणि रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला (रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल चालते). सकाळी तो कोरडा पुसला, स्पिरिटमध्ये कालवलेली खडूची पूड त्यावर पातळ लावली आणि वाळू दिली. भेगेत शिरलेले तेल केशाकर्षणाने खडूत चढते आणि रेघ उमटते. शाळेत हा प्रयोग तडा गेलेल्या चहाच्या कपावर करून दाखवता येईल.

एका हुकावर काही उमटले नाही. दुसऱ्याच्या वाकापाशी अर्ध्या तासात बोटभर लांबीची काळसर रेघ आली. तो हूक दिसायला दोघांतला चांगला होता!

तो ओढताना तुटला असता तर काय झाले असते? मघाच्या ५,८०० ज्यूलपैकी दहावा हिस्सा जरी १ किलोच्या तुकड्याला मिळाला, तरी त्याचा वेग सेकंदाला ३४ मीटर, ताशी १२० किलोमीटरच्या वर. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूसारखा, पण चेंडूच्या सहापट वजनाचा आणि लोखंडी. किनाऱ्यावर गाडी ओढताना पाहायला गर्दी जमते ती नेमकी दोराच्या रेषेत. तिला दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर हटवावे, आणि दोराच्या मध्यावर ओले गोणपाट टाकावे. दोर तुटला तर त्याची बरीच ऊर्जा गोणपाट उडवण्यात खर्ची पडते.

भेगेचा हूक आम्ही करवतीने दोन तुकडे करून परत भंगारात दिला, नाहीतर तो दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागला असता. चांगला हूक नव्या ८.८ बोल्टांनी चासीला बसवला. त्यानंतर गाडी एकदा शिरगावच्या वाळूत पुन्हा रुतली. या वेळी सहकाऱ्यांनी आधी टायरमधली हवा कमी केली, चाकांपुढची वाळू फावड्याने काढली, आणि गाडी आपणहून वर आली. हूक अजून कोरा आहे.